समाईक कथांचा उगम : ‘शमुवेल’, ‘राजे’ आणि ‘इतिहास’ या हिब्रू ग्रंथांचा परस्परसंबंध

प्राचीन हिब्रू शास्त्रग्रंथ क्रमाने वाचणाऱ्यास एक अनुभव हटकून येतो. एकदा वाचून झालेली कथा काही प्रकरणांनंतर पुन्हा समोर येते. पात्रे तीच असतात, प्रसंग तोच असतो, पुष्कळदा वाक्येही अक्षरशः तीच असतात. आणि तरीही कथेचा रोख पालटलेला असतो. आपल्या पत्नीस बहीण म्हणवून परक्या राजाच्या मुलखात जीव वाचवू पाहणाऱ्या पुरुषाची कथा ‘उत्पत्ती’ या एकाच ग्रंथात तीनदा येते. दोनदा ती अब्राहामाची आहे, एकदा इसहाकाची. हिज्कीया राजाच्या काळी यरुशलेमवर आलेल्या अश्शुरी स्वारीची हकीकत ‘राजे’, ‘यशया’ आणि ‘इतिहास’ अशा तीन ग्रंथांत सांगितली आहे. यरुशलेमच्या पाडावाचे ‘राजे’ ग्रंथाच्या अखेरीस आलेले वर्णन ‘यिर्मया’ ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात जवळजवळ जसेच्या तसे उतरले आहे. या पुनरुक्ती संकलकांच्या नजरेतून सुटल्या असतील, हे संभवत नाही. त्यांनी त्या राहू दिल्या, आणि त्यामुळे पुढील पिढ्यांपुढे एक कठीण प्रश्न उभा राहिला. कथा एक आणि निवेदने दोन असतील, व ती परस्परांशी जुळत नसतील, तर मूळ कोणते आणि बदल कोणी केला?

या प्रश्नाचा सर्वांत विस्तृत आणि सर्वांत बोधप्रद पुरावा ‘शमुवेल’ व ‘राजे’ हे ग्रंथ एका बाजूस आणि ‘इतिहास’ हा ग्रंथ दुसऱ्या बाजूस ठेवून पाहिल्यास मिळतो. ‘शमुवेल’ व ‘राजे’ मिळून शमुवेलाच्या जन्मापासून यहूदाच्या राज्याच्या विनाशापर्यंतचा वृत्तान्त सांगतात. बाबेलमध्ये बंदिवान असलेल्या यहोयाखीन राजाची कारागृहातून सुटका होते, या घटनेपाशी तो वृत्तान्त थांबतो. ही घटना इ. स. पू. ५६१ च्या सुमाराची. ‘इतिहास’ आदामापासूनच्या वंशावळींनी आरंभ करून दावीद, शलमोन आणि यहूदाचे राजे यांचे चरित्र पुन्हा सांगतो, व इराणी सम्राट सायरस याने यहुद्यांना मायदेशी परतण्याची जी मोकळीक दिली तिच्या उल्लेखाने संपतो. अर्थात् हा ग्रंथ इराणी साम्राज्याच्या काळातला, बहुतेक अभ्यासकांच्या मते इ. स. पू. चौथ्या शतकातला. त्याचा जवळजवळ निम्मा भाग ‘शमुवेल’ व ‘राजे’ यांच्याशी समांतर आहे.

परंपरेने या ग्रंथास दिलेली नावेही सूचक आहेत. हिब्रू नावाचा अर्थ ‘दिवसांच्या घटना’ असा होतो. ग्रीक अनुवादकांनी मात्र त्याला ‘राहून गेलेल्या गोष्टी’ असे नाव दिले. जणू आधीच्या ग्रंथांनी जे सोडले ते भरून काढणे एवढेच या ग्रंथाचे प्रयोजन होते. पुरवणी म्हणून गणलेल्या ग्रंथाचे वाचक नेहमीच थोडे असतात. या ग्रंथाच्या अज्ञात कर्त्याच्या वाट्याला आधी उपेक्षा आली आणि नंतर आरोप आला. त्या कर्त्यास येथे सोयीसाठी ‘इतिहासकर्ता’ म्हटले आहे.

आरोप एकोणिसाव्या शतकातला आहे. जर्मन पंडित डे व्हेट्टे याने १८०६ साली ‘इतिहास’ व ‘राजे’ यांची बारकाईने तुलना करून ‘इतिहास’ हा ऐतिहासिक साधन म्हणून विश्वसनीय नाही, असा निर्णय दिला. १८७८ मध्ये यूलियस वेलहाउझन याने तोच निर्णय अधिक व्यापक सिद्धान्तात गोवला. पुरोहितांच्या कर्मकांडाचे सविस्तर नियम मोशेच्या काळचे नसून बाबेलच्या बंदिवासानंतरचे आहेत, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. ‘इतिहास’ ग्रंथात दावीद आणि शलमोन यांच्या काळीच ते नियम पाळले जाताना दिसतात. ‘शमुवेल’ व ‘राजे’ यांत ते जवळजवळ दिसत नाहीत. तेव्हा इतिहासकर्त्याने आपल्या काळची धर्मव्यवस्था भूतकाळावर लादली, आणि तिच्याशी जे जुळले नाही ते वगळले किंवा पालटले, असे अनुमान निघाले. हे अनुमान पुष्कळ अंशी बरोबर होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याबरोबर एक सवयही रूढ झाली. ‘शमुवेल’ आणि ‘इतिहास’ यांत जेथे जेथे अंतर दिसेल तेथे तेथे मूळ पाठ ‘शमुवेला’चा आणि फेरफार इतिहासकर्त्याचा, असे गृहीत धरले जाऊ लागले. त्या फेरफाराचा हेतू शोधणे एवढेच मग टीकाकाराचे काम उरले.

या गृहीतात एक दोष दडलेला होता. इतिहासकर्त्यासमोर ‘शमुवेल’ ग्रंथाची जी प्रत होती ती आज छापलेल्या हिब्रू ‘शमुवेला’सारखीच होती, असे त्यात न सांगता मानले होते. आजचा छापील पाठ ज्यांवर आधारलेला आहे ती संपूर्ण हस्तलिखिते मध्ययुगीन आहेत. त्यांतील लेनिनग्राड येथील सुप्रसिद्ध हस्तलिखित इ. स. १००८ च्या सुमाराचे. इतिहासकर्ता आणि हे हस्तलिखित यांच्यामध्ये तेराशे वर्षांचे लेखन, वाचन आणि प्रती उतरविणे झाले होते. त्या अवधीत पाठ बदलला असेल, तर तो बदल इतिहासकर्त्याच्या माथी मारणे हा न्याय नव्हे.

समाईक कथांतील भेद वस्तुतः तीन निरनिराळ्या कारणांनी उत्पन्न होऊ शकतात. लेखनिकाच्या हातून पाठ बिघडतो, हे पहिले कारण. ग्रंथकर्त्याच्या हाती पडलेला आधारग्रंथच वेगळा असतो, हे दुसरे. आणि ग्रंथकर्ता जाणूनबुजून कथा पालटतो, हे तिसरे. तिन्हींचे परिणाम वरवर सारखेच दिसतात. त्यांचा अर्थ मात्र सर्वस्वी भिन्न असतो. कोणता भेद कोणत्या वर्गातला, हे ठरविल्यावाचून कथेच्या उगमाविषयी काहीही बोलता येत नाही.

पहिल्या वर्गाचे उदाहरण गल्याथाच्या वधाचे आहे. मेंढपाळ दावीदाने गोफणीने गल्याथास मारले, ही कथा सर्वश्रुत आहे. ती ‘शमुवेला’च्या पहिल्या पुस्तकात येते. पण दुसऱ्या पुस्तकाच्या एकविसाव्या प्रकरणात, योद्ध्यांच्या एका कोरड्या यादीत, गल्याथास मारल्याचे श्रेय बेथलेहेमच्या एलहानान नावाच्या वीराला दिले आहे. ‘इतिहास’ ग्रंथात हीच नोंद पुन्हा येते तेव्हा एलहानानाने गल्याथाचा भाऊ लह्मी यास मारले, असे म्हटले आहे. दावीदाची कीर्ती अबाधित राखण्यासाठी इतिहासकर्त्याने गल्याथाला एक भाऊ निर्माण करून दिला, असे यावर सहज म्हणता येईल. पण मूळ हिब्रू अक्षरे पाहिली म्हणजे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे दिसते. ‘बेथलेहेमकर’ या अर्थाचा हिब्रू शब्द ‘बेथ-हल्लह्मी’ असा आहे. ‘लह्मी’ हे विशेषनाम त्याच शब्दाच्या उत्तरार्धातून निघालेले आहे, यात फारसा संशय नाही. कर्मविभक्तीचा सूचक शब्द आणि ‘भाऊ’ हा शब्द यांच्या अक्षरांतही थोडेच अंतर आहे. स्वरचिन्हे नसलेल्या, झिजलेल्या ओळीतून असे वाचन निघणे अशक्य नाही. उलटपक्षी ‘शमुवेला’चा पाठही येथे शुद्ध नाही. त्यात एलहानानाच्या पित्याच्या नावास ‘ओरगीम’ म्हणजे ‘विणकर’ हा शब्द चिकटलेला आहे. गल्याथाच्या भाल्याचा दांडा विणकरांच्या मागावरील दांड्यासारखा होता, असे त्याच वाक्याच्या शेवटी म्हटले आहे. तेथील शब्द लेखनिकाच्या नजरचुकीने वर चढला. ‘इतिहास’ ग्रंथात पित्याचे नाव या उपऱ्या शब्दावाचून आले आहे. सारांश, एकाच वाक्यात एका जागी ‘शमुवेल’ अधिक विश्वसनीय आहे आणि दुसऱ्या जागी ‘इतिहास’. दोन ग्रंथांपैकी एकास सत्यवादी व दुसऱ्यास असत्यवादी ठरविण्याची रीत येथेच निरुपयोगी ठरते.

यापुढे मग दावीद आणि एलहानान यांच्यापैकी कथा मुळात कोणाची, हा प्रश्न उरतोच. अप्रसिद्ध वीराचा पराक्रम कालान्तराने प्रसिद्ध राजाच्या नावावर जमा होणे हा लोककथेचा सर्वत्र आढळणारा स्वभाव आहे. उलट दिशेचा प्रवास क्वचित घडतो. म्हणून एलहानानाची कोरडी नोंद अधिक जुनी असावी, असे मत पुष्कळांनी मांडले आहे. याद्यांमध्ये कथाकाराला रस नसतो. त्यामुळे त्यांत जुनी माहिती कधीकधी हात न लागता टिकून राहते.

दुसरे उदाहरण राब्बा नगरीच्या वेढ्याचे. ‘शमुवेल’ सांगतो की राजे लोक लढाईस बाहेर पडण्याच्या ऋतूत दावीदाने सेनापती यवाबास अम्मोनी लोकांवर पाठविले आणि तो स्वतः यरुशलेममध्ये राहिला. त्या राहण्यातूनच बथशेबेची कथा उद्भवते : परस्त्रीचा अभिलाष, तिच्या पतीचा, उरीयाचा कपटाने केलेला वध, नाथान संदेष्ट्याने केलेली निर्भर्त्सना. त्यानंतर यवाबाचा निरोप येतो, दावीद राब्बास जातो, नगर घेतो आणि तेथील राजमुकुट आपल्या मस्तकी धारण करतो. ‘इतिहास’ ग्रंथात बथशेबेची ही कथा मुळीच नाही. परंतु दावीद यरुशलेममध्ये राहिला, हे वाक्य तेथे आहे. लगेच पुढच्या वाक्यात, मध्ये कोठेही प्रवासाचा उल्लेख न येता, दावीद राब्बाच्या राजाचा मुकुट घेताना दिसतो, आणि त्यानंतर सर्व लोकांसह यरुशलेमला परततोही. जो गेलाच नाही तो परतला कसा? कथेची चौकट राहिली आणि आतील चित्र काढून घेतले गेले, हेच याचे सरळ स्पष्टीकरण. चौकटीवरून चित्राची जागा ओळखू येते. इतिहासकर्त्यासमोर बथशेबेची कथा होती आणि त्याने ती सोडली, असे बहुसंख्य अभ्यासक यावरून मानतात.

येथे वगळण्याच्या हेतूविषयीही घाई करणे इष्ट नाही. दावीदाचे पाप लपविणे हा हेतू असता, तर ज्यांच्यापुढे लपवावयाचे ते वाचक ‘शमुवेल’ वाचणारेच होते. शिवाय दावीदाच्या हातून घडलेला दुसरा एक मोठा अपराध इतिहासकर्त्याने वगळला नाहीच, उलट तो विस्ताराने सांगितला. तो अपराध म्हणजे प्रजेची शिरगणती. उगमाच्या शोधातील खरी कसोटी याच कथेत लागते.

कथा थोडक्यात अशी : दावीद राज्यातील लढवय्या पुरुषांची गणती करण्याची आज्ञा देतो. यवाब विरोध करतो, पण राजाज्ञा चालते. गणती पुरी झाल्यावर राजास आपले पाप उमगते. गाद नावाचा द्रष्टा त्याच्यापुढे तीन शिक्षा ठेवतो : दुष्काळ, शत्रूपुढे पळ, किंवा मरी. मरी येते, सत्तर हजार माणसे मरतात, आणि संहार करणारा देवदूत यरुशलेमपाशी एका यबूसी माणसाच्या खळ्याजवळ थांबतो. दावीद ते खळे विकत घेतो, तेथे वेदी बांधून होमार्पण करतो, आणि मरी थांबते.

‘शमुवेला’च्या दुसऱ्या पुस्तकाचे चोविसावे प्रकरण आणि ‘इतिहासा’च्या पहिल्या पुस्तकाचे एकविसावे प्रकरण समोरासमोर ठेवले असता पुढील भेद दिसतात. ‘शमुवेला’त दावीदास गणतीची प्रेरणा देतो तो इस्राएलवर कोपलेला परमेश्वर, ‘इतिहासा’त ती प्रेरणा सैतान देतो. ‘शमुवेला’त गणतीचा आकडा इस्राएलचे आठ लाख आणि यहूदाचे पाच लाख असा आहे, ‘इतिहासा’त अकरा लाख आणि चार लाख सत्तर हजार. दुष्काळ ‘शमुवेला’त सात वर्षांचा, ‘इतिहासा’त तीन वर्षांचा. खळ्याच्या मालकाचे नाव एकीकडे अरवना, दुसरीकडे अर्णान. किंमत एकीकडे बैलांसह पन्नास शेकेल चांदी, दुसरीकडे सहाशे शेकेल सोने. आणि ‘इतिहासा’त एक भव्य दृश्य अधिक आहे : दावीद डोळे वर करून पाहतो तो देवदूत पृथ्वी आणि आकाश यांच्यामध्ये उभा आहे, आणि त्याच्या हातात उपसलेली तलवार यरुशलेमवर उगारलेली आहे. तेव्हा राजा आणि वडीलधारे गोणपाट नेसून पालथे पडतात. छापील ‘शमुवेला’त यातील काहीही नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या दृश्याचे स्पष्टीकरण ठरलेले होते. इराणी काळात यहुद्यांच्या मनात देवदूतांविषयीच्या कल्पना वाढल्या होत्या. इतिहासकर्त्याने आपल्या काळच्या रुचीनुसार जुन्या साध्या कथेत हा अद्भुत प्रसंग घातला, असे म्हटले जाई. विवेचन सुसंगत होते आणि काळाच्या प्रवृत्तीशी जुळणारेही होते. उणीव इतकीच होती की त्याचा पडताळा पाहण्याचे साधन नव्हते.

ते साधन मृत समुद्राच्या काठी मिळाले. १९४७ पासून कुमरान येथील गुहांत प्राचीन चर्मपत्रे सापडू लागली. १९५२ मध्ये चौथ्या गुहेत जे हजारो तुकडे हाती आले त्यांत ‘शमुवेल’ ग्रंथाच्या एका हस्तलिखिताचे अवशेष होते. हे हस्तलिखित इ. स. पू. पहिल्या शतकातले, म्हणजे लेनिनग्राडच्या प्रतीहून सुमारे हजार वर्षांनी जुने. फ्रँक मूर क्रॉस याने त्याचा पहिला परिचय १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. संपूर्ण संपादन प्रसिद्ध होण्यास २००५ साल उजाडले. जीर्ण चामड्याच्या या तुकड्यांत शिरगणतीच्या कथेचा काही भाग टिकून राहिला आहे, आणि त्यात पृथ्वी व आकाश यांच्यामध्ये उभा असलेला तो देवदूत आहे. गोणपाट आहे. खळ्याचा मालक गहू मळत होता, हा ‘इतिहासा’त येणारा आणि छापील ‘शमुवेला’त नसलेला तपशीलही आहे. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसीफस याने ही कथा सांगताना उपसलेल्या तलवारीच्या देवदूताचे वर्णन केले आहे. त्याच्यापुढेही याच कुळातील ‘शमुवेला’ची प्रत असावी, असे यूजीन उलरिख याने १९७८ मध्ये सविस्तर दाखविले.

आता येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो काही अभ्यासकांनी घेतलाही आहे. कुमरानचे हस्तलिखित ‘इतिहासा’हून जुने नाही. तेव्हा ‘इतिहास’ वाचलेल्या एखाद्या लेखनिकानेच ते दृश्य ‘शमुवेला’त घातले नसेल कशावरून? हा आक्षेप नुसत्या या एका दृश्याच्या आधारे खोडून काढता येणार नाही. त्यासाठी ज्या भेदांत कोणालाही काही साधावयाचे नव्हते असे भेद पाहिले पाहिजेत. दुष्काळाची वर्षे ‘शमुवेला’च्या जुन्या ग्रीक अनुवादातही तीनच आहेत. खळ्याच्या मालकाचे नाव त्या अनुवादात ‘ओर्ना’ असे आहे, कुमरानच्या तुकड्यांत ते तसेच आहे, आणि ‘इतिहासा’तील ‘अर्णान’ या रूपाशी ते जवळचे आहे. छापील हिब्रू ‘शमुवेला’त मात्र ते एकाच प्रकरणात निरनिराळ्या रीतीने लिहिलेले आढळते. एका यबूसी शेतकऱ्याच्या नावाच्या अक्षरांत धर्ममताचा संबंध येत नाही. अशा निर्हेतुक स्थळी ग्रीक अनुवाद, कुमरानचे चर्मपत्र आणि ‘इतिहास’ यांचा वारंवार मेळ बसतो. यावरून इतिहासकर्त्याच्या काळी ‘शमुवेल’ ग्रंथाची एक वेगळी पाठपरंपरा अस्तित्वात होती आणि तो तिचाच अनुसर करीत होता, हे अनुमान बळकट होते. वेर्नर लेमके याने १९६५ मध्ये असाच इशारा दिला होता : ज्या पुष्कळ भेदांत इतिहासकर्त्याचा हेतू शोधला गेला, ते भेद त्याने केलेलेच नाहीत.

ही रीत भारतीय पाठचिकित्सेच्या अभ्यासकास अपरिचित वाटणार नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारत-आवृत्तीचे काम करताना विष्णु सीताराम सुकथनकर यांनी हेच तत्त्व पायाभूत मानले होते की परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या वाचना जेथे एकमुखाने बोलतात तेथे मूळ पाठ सापडण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. दोन ग्रंथांतील समाईक कथेचा प्रश्नही त्यांच्यापुढे आला होता. आरण्यकपर्वातील रामोपाख्यान आणि वाल्मीकिरामायण यांचा संबंध कोणता, याचा निर्णय करण्यासाठी त्यांनी दोहोंतील शब्दसाम्यांची तुलना केली आणि उपाख्यान रामायणावरून घेतले आहे, असा निष्कर्ष काढला. पुढे फान बॉयटेनेन याने वेगळे मत मांडले, आणि तो वाद आजही पूर्णपणे मिटलेला नाही. त्याचे कारण उघड आहे. शब्दसाम्यावरून नाते सिद्ध होते. कोणी कोणापासून घेतले, हे त्यावरून आपोआप सिद्ध होत नाही. दोहोंच्या मागे तिसरा, आता नष्ट झालेला ग्रंथ असण्याची शक्यता नेहमीच शिल्लक राहते.

हिब्रू ग्रंथांच्या बाबतीत ही शक्यता ग्रेम ऑल्ड याने १९९४ मध्ये धीटपणे मांडली. त्याच्या मते इतिहासकर्त्याने ‘शमुवेल’ व ‘राजे’ हे ग्रंथ कापले, असे मानण्याचे कारण नाही. दोन्ही बाजूंच्या ग्रंथकारांपुढे यहूदाच्या राजांचा एक जुना, आटोपशीर वृत्तान्त होता, आणि प्रत्येकाने आपापल्या परीने तो वाढविला. या दृष्टीने पाहिल्यास राब्बाच्या वेढ्याचा अर्थ उलटा लागतो. चौकट आधीची ठरते आणि बथशेबेचे चित्र तिच्यात मागाहून बसविलेले ठरते. हे मत फार थोड्यांनी स्वीकारले आहे. दावीद यरुशलेममध्ये राहिला, हे वाक्य पुढे येणाऱ्या कथेवाचून निरर्थक वाटते, आणि त्याचा मुकुट घेण्याचा प्रसंगही अधांतरी राहतो, ही त्यावरची अडचण लहान नाही. तथापि ऑल्डच्या प्रतिपादनाने एक काम निश्चित केले. ‘शमुवेल’ व ‘राजे’ हे मूळ आणि ‘इतिहास’ ही नक्कल, हे समीकरण सिद्ध करावे लागते. ते गृहीत धरता येत नाही, याची जाणीव त्याने करून दिली.

शिरगणतीच्या कथेत मग इतिहासकर्त्याचे स्वतःचे असे काय उरते? पुष्कळच उरते, आणि आता ते अधिक स्पष्टपणे दिसते. सैतानाचा उल्लेख कुमरानच्या तुकड्यांत वा ग्रीक ‘शमुवेला’त नाही. ‘ईयोब’ व ‘जखऱ्या’ या ग्रंथांत हा शब्द निश्चयवाचक उपपदासह, म्हणजे ‘तो प्रतिपक्षी’ अशा पदवीसारखा येतो. येथे तो उपपदावाचून येतो. परमेश्वरच पाप करवितो आणि परमेश्वरच त्याची शिक्षा देतो, ही जुन्या कथेतील भयंकर कल्पना येथे सौम्य झाली आहे. किमतीचा फरकही त्याचाच असावा. पन्नास आणि सहाशे यांचा मेळ घालण्यासाठी जुन्या यहुदी भाष्यकारांनी बारा वंशांपैकी प्रत्येकाकडून पन्नास, असा हिशेब केला. पण खरी किल्ली एका शब्दप्रयोगात आहे. ‘इतिहासा’त दावीद ते स्थळ ‘पुऱ्या किमतीने’ विकत घेण्याचा आग्रह धरतो. नेमके हेच शब्द ‘उत्पत्ती’ ग्रंथात अब्राहाम आपल्या मृत पत्नीसाठी मकपेलाची गुहा एफ्रोन हित्तीकडून विकत घेतो त्या प्रसंगी येतात. तेथेही मालक फुकट देऊ पाहतो आणि घेणारा पूर्ण मोल देतो. इतिहासकर्त्याने दावीदाच्या खरेदीला अब्राहामाच्या खरेदीचा साचा दिला.

त्याने असे का केले, हे पुढील वाक्यांवरून समजते. ‘शमुवेला’त मरी थांबते आणि ग्रंथ संपतो. ‘इतिहासा’त वेदीवर आकाशातून अग्नी उतरतो, आणि देवाचे मंदिर येथेच होईल, असे दावीद जाहीर करतो. पुढे शलमोन मोरिया पर्वतावर, याच खळ्याच्या जागी, मंदिर बांधतो. मोरिया हे नाव अब्राहामाने पुत्राचे बलिदान मांडले त्या कथेतील आहे. राजाच्या अपराधाची कथा अशा रीतीने मंदिराच्या स्थलपुराणात परिणत झाली. इतिहासकर्त्याचे वाचक दुसऱ्या मंदिराच्या छायेत, परकीय सत्तेखाली, राजावाचून राहत होते. राजवंश गेला तरी दावीदाने पूर्ण मोल देऊन घेतलेली जागा गेली नाही, हे त्यांना ऐकवयाचे होते. बथशेबेची कथा या हेतूस लागत नव्हती, शिरगणतीची लागत होती. म्हणून एक पाप गळले आणि दुसरे विस्तारले.

अर्थात् प्रत्येक ठिकाणी निवाडा इतका स्वच्छ होत नाही. मनश्शे राजाचे उदाहरण याची मर्यादा दाखविते. ‘राजे’ ग्रंथानुसार मनश्शे हा यहूदाचा सर्वांत दुष्ट राजा. त्याच्या पातकांमुळेच पुढे राज्य बुडाले. तरी तो पंचावन्न वर्षे राज्य करून सुखाने मेला. ‘इतिहासा’त अश्शुरी सेनानी त्यास बेड्या घालून बाबेलला नेतात, तेथे तो पश्चात्ताप करतो, देव त्याची प्रार्थना ऐकतो आणि त्यास पुन्हा राज्यावर बसवितो. प्रत्येकाला आपल्या कर्माचे फळ आपल्याच हयातीत मिळते, अशी इतिहासकर्त्याची धारणा ग्रंथभर दिसते. दुष्टाच्या दीर्घायुष्याचे कोडे त्या धारणेस पश्चात्तापावाचून सुटले नसते. म्हणून कथा कल्पित आहे, असे म्हणणे सोपे आहे. अश्शुरी राजा एसरहद्दोन याच्या लेखात मनश्शेचे नाव निनवेस इमारती साहित्य पोहोचविणाऱ्या मांडलिकांत आहे. बंदिवासाविषयी तो लेख काही सांगत नाही. कथा निराधार होती की एखाद्या हरवलेल्या वृत्तान्ताचा अंश होती, हे या पुराव्याने ठरत नाही. तिचे पुढचे आयुष्य मात्र ठाऊक आहे. ‘इतिहासा’त नुसत्या उल्लेखिलेल्या त्या प्रार्थनेला कोणी तरी मागाहून शब्द दिले, आणि ‘मनश्शेची प्रार्थना’ ही स्वतंत्र रचना ख्रिस्ती व यहुदी परंपरांच्या कडेने टिकून राहिली.

बाहेरचा साक्षीदार कधी कधी दोन्ही पक्षांच्या मर्यादा दाखवितो. सन्हेरीबाच्या इ. स. पू. ७०१ च्या स्वारीत हिज्कीयाने खंडणी दिली, हे ‘राजे’ ग्रंथातील तीन वाक्यांत आले आहे : तीस किक्कार सोने आणि तीनशे किक्कार चांदी. ‘यशया’ ग्रंथातील समांतर प्रकरणात ही वाक्ये नाहीत, ‘इतिहासा’तही नाहीत. १८३० मध्ये निनवे येथे मिळालेल्या सन्हेरीबाच्या लेखात सोने तीसच किक्कार आहे, चांदी आठशे. सोन्याच्या आकड्याने ‘राजे’ ग्रंथातील टिपणाचा जुनेपणा पटतो. चांदीच्या आकड्याने लिहिणाऱ्या दोन्ही दरबारांविषयी सावध राहावेसे वाटते. नगर हाती आले नाही, ही गोष्ट सन्हेरीबाचा लेखही उघडपणे सांगत नाही. वेढलेल्या राजास पिंजऱ्यातील पक्ष्याची उपमा देऊन तो विषय आटोपता घेतो. वगळण्याची कला केवळ शास्त्रग्रंथांच्या कर्त्यांनाच अवगत होती असे नव्हे.

या सर्व विवेचनावरून समाईक कथेच्या उगमाविषयीची कल्पनाच बदलावी लागते. एक शुद्ध मूळ आणि त्यातून निघालेल्या गढूळ प्रती, असे चित्र एकोणिसाव्या शतकाने रंगविले. चर्मपत्रांनी दाखविलेले चित्र निराळे आहे. ‘शमुवेल’ हाच ग्रंथ इतिहासकर्त्याच्या काळी एकरूप नव्हता. तो अनेक प्रतींत, अनेक पाठांत वाढत होता, आणि ‘इतिहास’ हा त्याच वाढीचा एक टप्पा होता. कर्त्याने बदल केले, परंतु त्याच्यावर लादलेले सर्व बदल त्याचे नव्हते. दीड शतक एका अज्ञात लेखकास ज्या देवदूतासाठी दोष दिला गेला तो देवदूत त्याने पाहिलेला नव्हता, वाचलेला होता. प्राचीन ग्रंथकाराचा हेतू सांगण्यापूर्वी त्याच्या हाती कोणते पान होते, हे विचारणे टीकाकाराचे कर्तव्य आहे. ते पान पुष्कळदा उपलब्ध नसते, आणि तेव्हा निर्णय राखून ठेवणे हाच न्याय ठरतो.

हिब्रू शास्त्रग्रंथांच्या रूढ छापील क्रमात ‘इतिहास’ सर्वांत शेवटी येतो. त्याचे अखेरचे वाक्य सायरसाच्या आज्ञेचे आहे, आणि जो कोणी त्याच्या लोकांपैकी असेल त्याने वर जावे, इतके सांगून ते मध्येच थांबते. कोठे जावे, काय बांधावे, हे त्यात नाही. त्या वाक्याचा उरलेला भाग ‘एज्रा’ ग्रंथाच्या आरंभी आहे.